विश्लेषण : ‘७८६’च्या नोटेला खरेच लाख मिळतात का? चुकलेल्या छापाचे गणित आणि पैठणच्या ट्रंकेतली ‘हाली’ नोट

‘तुमच्याकडे ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट आहे? तिच्या नंबरात ७८६ आहे? मग घरबसल्या व्हा लखपती!’ हा मेसेज पैठणच्या बसस्थानकावर एसटीची वाट पाहणाऱ्याच्या मोबाइलवर येतो आणि मुंबईच्या लोकलमध्येही येतो. कधी तो व्हिडिओ असतो, कधी बातमीच्या वेशातला मजकूर. खाली एक फोन नंबर, एक लिंक आणि रिझर्व्ह बँकेचे चिन्ह. मेसेज वाचून माणूस कपाटातले जुने पाकीट काढतो, आजीच्या डब्यात हात घालतो, नोटा उलटसुलट करून पाहतो.

पैठणमध्ये या शोधाला एक वेगळी किनार आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव सातवाहनांची राजधानी होते आणि शिसे, पोटीन, तांब्याची त्यांची नाणी इथल्या मातीत सापडली आहेत. ती गोष्ट शाळेत शिकवली जाते. पण १९४८ पर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे या गावच्या बाजारात भारतापेक्षा वेगळा रुपया चालायचा, त्याच्या कागदी नोटा होत्या आणि त्या नोटांवर मराठी अक्षरे होती, हे शाळेत फारसे कुणी सांगत नाही. त्यामुळे होते असे की, ज्या ट्रंकेत खरोखरची जुनी नोट असू शकते, तीच ट्रंक लोक ७८६ साठी उपसतात आणि अनोळखी लिपीचा तो मळका कागद बाजूला टाकतात.

दुर्मीळ आणि चुकीच्या छापाच्या नोटा जमवणे हा जगभरातला जुना, अभ्यासाचा छंद आहे. त्याचा बाजारही खरा आहे. पण तो बाजार कशाला पैसे देतो आणि कशाला देत नाही, हे समजून घेतले तर मेसेजमधली हवा बरीच निघून जाते.

७८६ किती दुर्मीळ?

हे तपासायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही, दहावीचे गणित पुरते. नोटेचा क्रमांक सहा आकडी असतो. सहा घरांत ७८६ सलग बसवायला चार जागा आहेत : पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या घरापासून. प्रत्येक वेळी उरलेल्या तीन घरांत ००० ते ९९९ असे हजार पर्याय बसतात. झाले चार हजार. त्यातला ७८६७८६ हा क्रमांक दोनदा मोजला गेला, तो एकदा वजा केला की उरतात ३,९९९. म्हणजे दर दहा लाख नोटांत ३,९९९, सरासरी अडीचशे नोटांत एक.

आता देशाचा आकडा घ्या. मार्च २०२३ अखेर चलनात १३ हजार कोटींहून अधिक नोटा होत्या. अडीचशेत एक धरली तर पन्नास कोटींच्या आसपास नोटांवर कुठे ना कुठे ७८६ असणार. देशात दर तीन माणसांमागे जवळपास एक. ही नोट दुर्मीळ म्हणायची, तर पैठणच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यात रोज खजिना जमा होतो आणि संध्याकाळी बँकेत भरला जातो.

अनेक मुस्लीम कुटुंबांत ७८६ शुभ मानतात आणि अशी नोट श्रद्धेने जपतात. त्या भावनेचा इथे प्रश्न नाही. प्रश्न आहे तो त्या भावनेचे दरपत्रक छापणाऱ्यांचा. सहाच्या सहा आकडे सारखे असलेले ११११११च्या जातीतले क्रमांक दहा लाखांत नऊच असतात. त्यांना संग्राहक थोडे जास्त पैसे देतातही. पण तिथेही मालिका बदलली की तेच नऊ क्रमांक पुन्हा छापले जातात. आणि संकेतस्थळावर कुणी नोटेपुढे ‘पाच लाख’ लिहिले म्हणजे ती पाच लाखांना विकली गेली असे होत नाही. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतला हा फरक बैलबाजारात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, मोबाइलवर मात्र लागतो.

नोट चुकते कशी?

चुकीच्या छापाची नोट हा यातला जास्त रंजक भाग, कारण तिथे यंत्र बोलते. भारतात नोटा चार ठिकाणी छापल्या जातात : नाशिकरोड, मध्य प्रदेशातील देवास, कर्नाटकातील म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी. यातले नाशिक सर्वांत जुने. १९२८ मध्ये तिथे नोटछपाई सुरू झाली, त्याआधी भारताच्या नोटा इंग्लंडहून जहाजाने यायच्या. (त्यातले ‘शिराला’ नावाचे जहाज २ जुलै १९१८ रोजी बुडाले. त्यावरच्या, सह्या व्हायच्या राहिलेल्या नोटा किनाऱ्याला लागल्या. त्यापैकी दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात आल्या.)

नोट एका फटक्यात छापली जात नाही. कागद कारखान्यातून येतानाच त्यात जलचिन्ह आणि सुरक्षा धागा असतो. एका मोठ्या तावावर अनेक नोटा असतात. आधी ऑफसेट यंत्रावर पार्श्वभूमीचे फिके रंग आणि नक्षी छापतात. मग शंभर आणि त्यावरच्या नोटांवर उठावाची छपाई होते, जिच्यामुळे गांधीजींचे चित्र बोटाला किंचित खडबडीत लागते. त्यानंतर वेगळ्या यंत्रावर क्रमांक पडतात. शेवटी ताव कापले जातात, शंभरच्या गड्ड्या बांधल्या जातात.

प्रत्येक टप्प्याची चूक वेगळी दिसते आणि जाणकार संग्राहक नोट हातात घेतल्यावर आधी हेच विचारतो : चूक कोणत्या टप्प्यावर झाली? धागाच नसेल तर दोष कागदाचा. पार्श्वभूमी आहे पण गांधीजी नाहीत, तर तो ताव उठावाच्या यंत्रातून कोरा निघाला. नोटेवरचे दोन क्रमांक एकमेकांशी जुळत नसतील, तर क्रमांक टाकणाऱ्या खोक्यातले एखादे चाक अडकले. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखी ही चाके एकामागून एक फिरतात. एखादे अर्धवट फिरले की दोन आकड्यांचे अर्धे अर्धे तुकडे छापले जातात. तावाचा कोपरा दुमडलेला राहिला आणि तसाच कापला गेला, तर उलगडल्यावर नोटेला जास्तीच्या कागदाचा कान फुटतो. संग्राहकांना या कानाच्या नोटा फार आवडतात, कारण हातात धरून दाखवता येते की पाहा, हे असे घडले.

जगात सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९९६च्या मालिकेतील वीस डॉलरच्या एका नोटेवर डेल मॉन्टे कंपनीच्या केळ्यावरचे स्टिकर चिकटलेले आहे. केळ्याचे स्टिकर कुणीही कुठल्याही नोटेवर चिकटवेल, त्यात काय? या नोटेत मुद्दा असा की, खजिन्याची मोहोर आणि क्रमांक स्टिकरच्या वर छापले गेले आहेत. म्हणजे चित्र छापून झाल्यावर आणि क्रमांक पडण्याआधी, छापखान्याच्या आतच ते स्टिकर तावावर आले होते. बाहेर कुणालाही हा क्रम नकलता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ही नोट लिलावात ३ लाख ९६ हजार डॉलरना गेली. पैसे स्टिकरला मिळाले नाहीत, ते मिळाले छपाईच्या क्रमाच्या पुराव्याला.

हाच नियम इथल्या नोटांना लावा. रबराने किंवा रसायनाने आकडे पुसून ‘नंबर नसलेली नोट’ तयार करता येते. उन्हात किंवा आम्लात रंग उडवता येतो. पण उठावाची छपाई कागदाला दाबून होते. शाई गेली तरी कागदावरचा दाब तिरप्या उजेडात दिसतो. क्रमांकाच्या शाईचा अंश अतिनील दिव्याखाली चमकतो. आणि सर्वांत सोपे साधन म्हणजे कंपासपेटीतली पट्टी. पाचशेची नोट ६६ बाय १५० मिलिमीटर असते, दोनशेची ६६ बाय १४६, शंभरची ६६ बाय १४२. एका बाजूला पांढरी कड जास्त दिसते पण नोट मापात बरोबर आहे, तर छपाई थोडी सरकली इतकेच. असे बऱ्याचदा होते आणि त्याला फारसे कुणी विचारत नाही. माप चुकत असेल आणि शेजारच्या नोटेचा तुकडा दिसत असेल, तर मग बसून बोलण्यासारखे आहे.

चूक सापडल्याचा आनंद हा पैठणकरांना तसा अनोळखी नाही. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांना हिशेबात एका पैची चूक लागत नव्हती, रात्र जागून ती सापडली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, अशी कथा वारकरी परंपरेत सांगतात. स्वामींनी त्यावर जे ऐकवले ते पैशाच्या बाहेरचे होते. पण टाळी वाजवणारा तो तरुण कारकून प्रत्येक अस्सल संग्राहकाला जवळचा वाटेल.

तारा असलेली नोट खोटी असते का?

नाही. छापखान्यात सदोष नोट पकडली गेली की ती नष्ट होते आणि गड्डीतली तिची जागा भरावी लागते. २००६ पासून अशा बदली नोटांच्या क्रमांकात उपसर्गानंतर तारा छापला जातो. आधी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांवर, नंतर इतर नोटांवर. २०२३च्या जुलैमध्ये ‘ताऱ्याची नोट बनावट’ असे मेसेज पसरले, तेव्हा ती इतर नोटांसारखीच वैध असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेला करावा लागला. म्हणजे चूक नाशिकला राहते आणि तिच्या जागी आलेली नोट गोदावरीच्या खालच्या अंगाला पैठणच्या बाजारात फिरते. ती जमवायला हरकत नाही, स्वस्त आणि शिकण्यासारखा प्रकार आहे. ती लाखाची मात्र नाही.

मग भारतात चुका बाहेर येतात तरी कधी?

घाई झाली की. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीनंतर छापखाने दिवसरात्र चालू होते. पाचशेच्या नव्या नोटांत कडांचे आकार आणि गांधीजींच्या चित्राची सावली वेगवेगळी दिसू लागली. घाईत अशा काही नोटा सुटल्या असाव्यात, लोकांनी त्या निर्धास्त वापराव्यात किंवा परत कराव्यात, असे रिझर्व्ह बँकेच्या बाजूने सांगण्यात आले. जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना बँकेतून मिळालेल्या दोन हजारच्या नोटांवर गांधीजीच नव्हते. शेतकऱ्यांना वाटले बनावट नोटा गळ्यात पडल्या. बँकेने तपासले आणि नोटा खऱ्या पण छपाई चुकलेल्या निघाल्या. त्याआधी २०१६च्या सुरुवातीला सुरक्षा धागा नसलेल्या हजारच्या नोटांचे प्रकरण गाजले होते.

श्योपूरचा प्रसंग विचार करण्यासारखा आहे. ज्यांच्या हातात नोट पडली ते घाबरले, कारण शेतकऱ्याच्या हातात विचित्र नोट असणे म्हणजे पोलीस, चौकशी आणि बुडालेले पैसे. त्याच नोटेकडे संग्राहक वेगळ्या डोळ्यांनी पाहील. चुकलेल्या नोटेचा फायदा कुणाला होतो, हे ती कुणाच्या हातात पडते यावर ठरते. बँकेकडून अशी नोट मिळाली तर घाबरू नये, ती बँकेत बदलून मिळू शकते, एवढी साधी माहिती शाखेत भिंतीवर मराठीत लावलेली असेल तर कितीतरी जणांची धडधड वाचेल.

फसवणूक नेमकी कुठे होते?

नोट विकताना नाही, विकण्याआधी. फोटो पाठवला की समोरून लगेच ‘अभिनंदन, तुमची नोट निवडली गेली’ असा निरोप येतो. मग नोंदणी शुल्क म्हणून काही शे रुपये. ते भरले की जीएसटी, मग कुरिअरचा विमा, मग ‘आरबीआयचे ना हरकत प्रमाणपत्र’. रक्कम प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा मोठी, पण मिळणाऱ्या लाखांपुढे लहान वाटेल अशी. कधी पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा दलाली मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. प्रसिद्धिपत्रक स्वच्छ आहे. अडचण एवढीच की ते ज्यांनी वाचायला हवे ते यूट्यूबवर दुसरेच काही पाहत असतात.

आणि इथे बातम्या देणाऱ्यांचाही हिशेब मांडायला हवा. ‘ही नोट असेल तर व्हाल मालामाल’ छापाचा मजकूर फक्त भामटे लिहीत नाहीत. क्लिक मिळतात म्हणून अनेक मराठी-हिंदी संकेतस्थळांनी तो वर्षानुवर्षे चालवला आहे, कुठल्याही खऱ्या व्यवहाराचा पुरावा न देता. शेवटच्या ओळीत ‘आम्ही या माहितीची पुष्टी करत नाही’ असे लिहिले की जबाबदारी संपते, अशी समजूत आहे. ती संपत नाही. वाचकाने पहिल्यांदा विश्वास ठेवला तो बातमीच्या चेहऱ्यावर. भामट्याने त्या विश्वासाचे नंतर पैसे केले.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. लाजेपायी दोन दिवस गेले की ती फार कमी होते.

पैठणच्या ट्रंकेत खरोखर काय असू शकते?

‘हाली’. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हा शब्द सांगावा लागत नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा रुपया तो हाली किंवा उस्मानिया सिक्का, आणि इंग्रजांचा तो कलदार. दोन्हींची किंमत सारखी नव्हती. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा हिशेब होता, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. संस्थानाच्या हद्दीवरच्या गावांत हा हिशेब तोंडपाठ असल्याशिवाय व्यवहार चालत नसे.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा झाला आणि १९१८ मध्ये हैदराबादने कायदा करून स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. आधी दहा आणि शंभरच्या, १९१९ मध्ये एक आणि पाचच्या, १९२६ मध्ये हजाराच्या. सुरुवातीच्या नोटा इंग्लंडमध्ये वॉटरलो कंपनीने छापल्या, पुढे त्या नाशिकलाच छापल्या जाऊ लागल्या. नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीही होती, कारण संस्थानाचे लोक या भाषा बोलत. संस्थानी कारभार आणि शिक्षण उर्दूत असताना पैठणच्या विणकराच्या हातातल्या नोटेवर मराठी होती, याला काही अर्थ आहे. राज्यकर्ते भाषेला शाळेत जागा देताना हात आखडतात, पण पैशावर विश्वास बसवायचा असेल तर लोकांचीच भाषा लिहावी लागते.

या नोटांवरचे वर्ष फसली असते. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. १३२९ फसली म्हणजे १९१९ च्या आसपास. मराठवाड्यात जमिनीचे जुने कागद हाताळलेल्यांना हे गणित सवयीचे आहे. सही संस्थानाच्या अर्थमंत्र्याची असते आणि सह्यांत एक इतिहासच आहे. १९४० च्या दशकातल्या काही नोटांवर गुलाम मुहम्मद यांची सही आहे. हेच गृहस्थ पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. म्हणजे पैठणच्या पेटीतल्या एका रुपयाच्या नोटेवर अशा माणसाची सही असू शकते, ज्याने पुढे दुसऱ्या देशाचा पहिला अर्थसंकल्प मांडला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, पण हाली लगेच गेला नाही. १९५१ मध्ये त्याच्या नोटा काढणे थांबले आणि १९५९ मध्ये त्याचे चलन पूर्ण बंद झाले. त्यामुळे घरात दोनचार नोटा राहून गेल्या. कुणी बदलून घ्यायला विसरले, कुणाला तालुक्याला जायला जमले नाही. आज बँक त्यांचा एक पैसाही देणार नाही. त्यांची किंमत फक्त संग्राहकाच्या आणि अभ्यासकाच्या लेखी. चाळीसच्या दशकातल्या एक रुपयाच्या नोटा तुलनेने बऱ्याच शिल्लक आहेत, शंभरच्या कमी, आणि हजाराची नोट फार विरळा. कोणतीही नोट असो, आधी ती ओळखावी लागते. किशोर झुनझुनवाला आणि रेझवान रझाक यांचा भारतीय कागदी चलनावरचा संदर्भग्रंथ या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. सहीचे नाव, वर्ष आणि मूल्य यांवरून नोट कोणत्या प्रकारची हे त्यात शोधता येते.

अडाणी भाव सांगून ही नोट उचलणारे फिरते व्यापारी आणि ७८६ वाले भामटे, हे दोघे एकाच अज्ञानावर जगतात. एकजण निरुपयोगी नोटेला लाख सांगतो, दुसरा मोलाच्या नोटेला पन्नास रुपये देतो.

घरात किती जुन्या नोटा ठेवता येतात?

हाली किंवा इंग्रजांच्या काळातल्या नोटा बाळगायला अडचण नाही. अडचण आहे ती नोटाबंदीत बाद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटांची. २०१७च्या कायद्यानुसार अशा नोटा कोणत्याही मूल्याच्या मिळून दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी मर्यादा पंचवीस. त्यापेक्षा जास्त सापडल्या तर किमान दहा हजार रुपये किंवा नोटांच्या मूल्याच्या पाचपट, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढा दंड होऊ शकतो. आजोबांच्या पश्चात धान्याच्या कोठीत गड्डी सापडली तर ती ‘संग्रह’ म्हणून ठेवायचा विचार करू नये. दोन हजारची नोट वेगळी : १९ मे २०२३ रोजी ती मागे घ्यायचे जाहीर झाले, पण ती कायदेशीर चलन राहिली आणि रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत टपालानेही पाठवून खात्यात जमा करता येण्याची सोय ठेवली गेली.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना वेगळाच नियम आहे. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार मातीत दडलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पैठणसारख्या गावात, जिथे पाया खणताना सातवाहनांपर्यंत पोचता येते, हा नियम ठाऊक असलेला बरा.

नोट सापडली तर काय करावे?

आधी काय करू नये ते. लॅमिनेट करू नये. चांगल्या भावनेने मराठवाड्यातल्या किती नोटा झेरॉक्सच्या दुकानात मेल्या असतील कोण जाणे. चिकटपट्टी, पिन, स्टेपल, इस्त्री, पाणी, खोडरबर यांपैकी काही नको. घडी असेल तर हळूच उघडून नोट सपाट ठेवावी. स्वस्त, वास येणारे प्लास्टिक काही वर्षांत कागदाला चिकटते. पॉलिएस्टरचे स्वच्छ पाकीट किंवा तात्पुरता साधा आम्लरहित कागद बरा. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, पण क्रमांकासह ते अनोळखी ग्रुपवर टाकू नयेत.

मग ती कुठे दाखवायची, हा खरा प्रश्न आणि इथे पैठणकराची बाजू लंगडी पडते. रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय मुंबईत फोर्टला आहे, तिथे सातवाहनांपासून आजपर्यंतचा पैसा मांडला आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. पैठणमध्ये बाळासाहेब पाटील यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले, राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असलेले संग्रहालय आहे. एका माणसाने गावातल्या वस्तू गावातच राहाव्यात म्हणून धडपड केली, त्यातून ते आले. पण प्राचीन म्हणजे मोलाचे आणि ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीचे म्हणजे भंगार, ही आपली वृत्ती संग्रहालयांबाहेरही आहे. सातवाहनाचे नाणे काचेमागे जाते, हाली नोट रद्दीत.

त्याला फार मोठा खर्च लागणार नाही. नाथषष्ठीला लाखो वारकरी पैठणला येतात. त्या दिवसांत संग्रहालयात किंवा नगर परिषदेच्या सभागृहात दोन टेबले मांडून ‘तुमच्या घरातली जुनी नोट आणा, ओळखून देतो’ असा उपक्रम जाणकार संग्राहकांच्या मदतीने करता येईल. खरेदी नाही, विक्री नाही. फोटो, नोंद आणि सांगितलेली आठवण. शेजारी सायबर पोलिसांचा माणूस बसवला तर ७८६चे गणितही तिथल्या तिथे सांगता येईल.

नोंद लवकर व्हायला हवी, कारण नोटेपेक्षा तिच्याबरोबरची माहिती आधी नाहीशी होते. हाली आणि कलदार दोन्ही हाताळून आठवडी बाजारात गेलेली मुले आता ऐंशी पार आहेत. पैठणीच्या मागावरची मजुरी कोणत्या रुपयात मिळायची, नगर जिल्ह्याच्या हद्दीत शिरल्यावर पैसे कुठे बदलायचे, हाली बंद झाला तेव्हा घरात किती उरला होता, हे कुठल्याही संदर्भग्रंथात नाही. नोट सापडली तर फोटोच्या मागे ती कुणाची होती आणि कुठे ठेवली होती, एवढे पेन्सिलीने लिहून ठेवावे. नोटेवर नव्हे, वेगळ्या कागदावर.